जुना गेम लावला की कॉम्प्युटर का अडकतो?

२०१९च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी खालच्या मजल्यावरचं बरंच काही गेलं, पण माळ्यावरचा सीडींचा डबा वाचला. त्यातला नव्वदच्या दशकातला एक गेम भाच्यानं परवा लॅपटॉपवर चढवला. स्क्रीन काळी झाली, माउस हलेना, एस्केप दाबून उपयोग होईना. शेवटी त्यानं पॉवरचं बटण दाबून धरलं. विश्रामबागच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळताना आम्हीही हँग झालं की हेच करायचो.

त्या काळी ते बरोबरच होतं. एमएस-डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टिम, एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायचं. गेम सुरू झाला की प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन, साउंड कार्ड सगळं त्याच्या ताब्यात; तो अडकला तर त्याला बाजूला करणारं वर कुणीच नसे. १९८१च्या आयबीएम पीसीवर डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दिलं, तेही मशीन रीस्टार्ट करण्यासाठीच. विंडोज ३.१मध्ये बरेच प्रोग्रॅम एकत्र चालत, पण प्रत्येकानं आपणहून दुसऱ्याला पाळी द्यायची. एकानं ती दिली नाही, की सगळे ताटकळत.

१९९५मध्ये विंडोज ९५ आलं आणि नव्या, ३२-बिट प्रोग्रॅमच्या पाळ्या सिस्टिम स्वतः ठरवू लागली. गेम बनवणारे मात्र वेगासाठी डॉस सोडायला तयार नव्हते. त्यांना वळवायला मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी डायरेक्टएक्स हा विंडोजवर वेगवान गेम बनवायचा संच आणला आणि गेमला पूर्ण स्क्रीन एकट्याच्या ताब्यात घ्यायची मुभा दिली. माझ्या मते आजच्या त्रासाचं मूळ या तडजोडीत आहे. गेम अडकला तरी बऱ्याचदा मागे विंडोज जिवंतच असतं. स्क्रीन गेमच्या हातात राहिल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही, इतकंच.

त्यात २५६ रंगांची भर. जुने गेम स्क्रीनला याच मोडमध्ये न्यायचे. विंडोज ८पासून हा मोड खरा उरला नाही, त्याची नुसती नक्कल केली जाते. त्यामुळे कधी रंग बिघडतात, कधी काळ्या स्क्रीनपुढे काही सरकतच नाही.

म्हणून बटणाकडे हात नेण्याआधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून थोडं थांबावं. एक्सपी आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये या की थेट सिस्टिम पकडते, गेमला त्या अडवता येत नाहीत. येणाऱ्या पडद्यावरून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडून गेम बंद करावा. टास्क मॅनेजर गेमच्या मागे लपत असेल तर त्यात ‘ऑलवेज ऑन टॉप’ आधीच लावून ठेवावं. तेही जमलं नाही तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या त्याच पडद्यावरून साइन आउट करावं. उघड्या फाइलींतलं सेव्ह न केलेलं काम जाईल, पण वीज तोडावी लागणार नाही.

डॉसचे गेम असतील तर डॉसबॉक्स वापरावा. २००२पासून मिळणारा हा प्रोग्रॅम जुन्या मशीनची नक्कल एका विंडोत उभी करतो, त्यामुळे गेम हँग झाला तर सहसा तेवढी विंडो बंद केली की काम भागतं. भाच्याची सीडी विंडोजची निघाली. प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत कमी रंग आणि ६४० बाय ४८० निवडल्यावर ती चालली.