‘एका पॉझिटिव्हमागे दीड लाख’: खरं काय?

सोलापुरात पूर्व भागातल्या चहाच्या टपरीवर हे अजून ऐकू येतं: “महापालिकेला एका कोरोना पेशंटमागे दीड लाख मिळत होते, म्हणून धरून धरून पॉझिटिव्ह केलं.” २०२० सालच्या व्हॉट्सॲपची ही देणगी.

नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर महापालिकेला असे पैसे देणारी कुठलीच योजना नव्हती. आकडा मात्र ओळखीचा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तेव्हा एका कुटुंबाला वर्षभराच्या उपचारांसाठी कमाल मर्यादा दीड लाखाची होती. मे २०२० मध्ये ही योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली. पैसे योजनेतल्या रुग्णालयाला मिळायचे, तेही उपचार झाल्यावर, कागदपत्रं तपासून, ठरलेल्या पॅकेजपुरते.

खाजगी रुग्णालयांनी अवाच्या सवा बिलं लावली, हा राग वेगळा आणि रास्त. सरकारला दर बांधून द्यावे लागले ते उगाच नाही: साधा वॉर्ड दिवसाला ४०००, व्हेंटिलेटरसह आयसीयू ९०००.

पण अफवेची झळ गरिबालाच बसली. आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावशी तापाने फणफणल्या होत्या. मांडीवरचं विड्यांचं सूप न सोडता म्हणाल्या, “स्वॅब दिला की विकतील मला.” चार दिवस त्यांनी तसेच काढले.