इंग्रजीतलं ‘होणं’ : बिकम, टर्न, गेट, गो आणि त्यांच्याआधीचं एक हरवलेलं क्रियापद

एखादा माणूस किंवा वस्तू आधी एक होती आणि आता दुसरंच काहीतरी झाली, हे सांगायला मराठीत ‘होणे’ हे एकच क्रियापद बहुतेक वेळा पुरतं. इंग्रजीत त्याच जागी बिकम, टर्न, गेट, गो, ग्रो, फॉल, कम, रन अशी बरीच क्रियापदं येतात आणि ती एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. दूध ‘गो’ होऊन आंबतं, माणूस ‘ग्रो’ होऊन म्हातारा होतो, ‘फॉल’ होऊन आजारी पडतो, विहीर ‘रन’ होऊन कोरडी पडते, स्वप्न ‘कम’ होऊन खरं ठरतं. यातली जवळजवळ सगळी मुळात हालचालीची किंवा वाढीची क्रियापदं आहेत आणि ती या कामाला का लागली हा व्युत्पत्तीतला बराच चर्चिलेला प्रश्न आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 च्या आधीच्या भाषेत, ‘होणे’ साठी वेगळं क्रियापद होतं, वेओर्दान. जर्मनमधलं वेर्डेन आणि डचमधलं वोर्डेन ही त्याची सख्खी भावंडं, आणि ती दोन्ही आजही रोजच्या वापरात आहेत. लॅटिन व्हर्टेरे, म्हणजे वळवणे, आणि संस्कृत वृत् धातू हेही त्याच घराण्यातले, त्यामुळे आपलं वर्तणे, वर्तन, वर्तमान हे सगळे या मेलेल्या इंग्रजी शब्दाचे लांबचे नातेवाईक लागतात (वाट हा शब्दही वर्त्मन् मधून आला असं धरलं तर तोसुद्धा). म्हणजे मूळ कल्पना वळण्याची होती आणि वळता वळता अर्थ ‘होणे’ इथे येऊन थांबला. हे क्रियापद साधारण 13 व्या ते 15 व्या शतकात इंग्रजीतून गेलं. 14 व्या शतकातल्या काही कवितांत अजून सापडतं, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘वो वर्थ द डे’ म्हणजे ‘त्या दिवसाचं वाईट होवो’ अशा गोठलेल्या शब्दप्रयोगात उरतं आणि पुढे बोलण्यात राहत नाही. त्याच मुळाचा वीर्ड हा शब्द मात्र जगला. जुना विर्ड म्हणजे जे होणार ते, नशीब. आजचा अर्थ विचित्र.

ते का गेलं यावर एकमत नाही. जुनं स्पष्टीकरण असं की ‘किमतीचा’ या अर्थाचा वर्थ शब्द आणि हे क्रियापद उच्चारात एकसारखे झाले आणि घोटाळा नको म्हणून लोकांनी क्रियापद सोडलं, पण एकसारखे उच्चार असलेले शब्द प्रत्येक भाषेत शेजारी शेजारी नांदतात त्यामुळे एवढं कारण पुरेसं वाटत नाही. दुसरं मत फ्रेंच प्रभावाचं : 1066 नंतर इंग्लंडात फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले, त्यांच्या देव्हनीर या ‘होणे’ अर्थाच्या क्रियापदात मुळात ‘येणे’ दडलेलं होतं, आणि त्याच्या नमुन्यावर बिकम घडलं. तिसरं मत बेल्जियममधले भाषाशास्त्रज्ञ पीटर पेट्रे यांचं (2014 च्या सुमारास त्यांनी ते सविस्तर मांडलं). थोडक्यात, जुन्या इंग्रजीत गोष्ट सांगताना ‘मग हे झालं, मग ते झालं’ अशी टप्प्याटप्प्याची वाक्यरचना होती, वेओर्दान तिच्यात घट्ट बसलेलं होतं, ती रचना मोडली तेव्हा त्याची जागाच गेली. हे शेवटचं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण एक शब्द का मेला याबरोबरच त्याच्या आजूबाजूचं व्याकरण त्याच काळात का हललं हेही त्यातून कळतं.

बिकमचं जुनं रूप बेकुमान, अर्थ येऊन पोचणे किंवा वाट्याला येणे. जर्मनमध्ये त्याच घडणीचं बेकोमेन आजही ‘मिळणे’ या अर्थाने चालतं, आणि म्हणून नवशिके जर्मन लोक हॉटेलात ‘मला अमुक पदार्थ मिळेल का’ असं विचारताना इंग्रजीत ‘मी तो पदार्थ होऊ का’ असं विचारून बसतात. ‘होणे’ हा अर्थ बहुधा 12 व्या शतकाच्या अखेरीपासून रुळत गेला. त्यासाठी फ्रेंच नमुना लागलाच असेल असं नाही, कारण ‘येणे’ वरून ‘होणे’ कडे जाणं भाषांना सहज जमतं, मराठीतच बघा : वयात येणे, रंगात येणे, आकाराला येणे, फळाला येणे.

टर्नचा प्रवास सुताराच्या लेथपासून, म्हणजे लाकूड गोल फिरवून घडवण्याच्या यंत्रापासून, सुरू होतो. ग्रीक टोर्नोस हे लेथचं नाव, त्यावरून लॅटिन टोर्नारे म्हणजे लेथवर फिरवणे, तिथून काही थेट आणि काही फ्रेंचमार्गे इंग्रजीत. म्हणजे वळण्याच्या कल्पनेचं देशी क्रियापद गेलं आणि त्याच कल्पनेचं परकं क्रियापद येऊन बसलं, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. 1611 च्या बायबलमध्ये नदीचं पाणी ‘टर्न’ होऊन रक्त होतं पण लोटची बायको ‘बिकम’ होऊन मिठाचा खांब होते, म्हणजे तेव्हाही दोन्ही शब्द सोबतच नांदत होते. माणसाने धर्म किंवा पक्ष बदलला की टर्नला संशयाचा वास येतो : 16 व्या-17 व्या शतकात मुसलमान झालेल्या ख्रिश्चनाला ‘टर्न्ड टर्क’, म्हणजे ‘तुर्क झाला’, म्हणत, आणि फितुराला आजही ‘टर्न ट्रेटर’ म्हणतात. वसाहतीच्या काळात हिंदुस्थानात देशी पद्धतीने राहू लागलेल्या साहेबाबद्दल इतर साहेब ‘गो नेटिव्ह’ म्हणत, तोही कौतुकाचा शब्द नव्हता.

गो आणि कम यांच्याबद्दल भाषाशास्त्रज्ञ इव्ह क्लार्क यांनी 1974 मध्ये मांडलेलं निरीक्षण अजून उपयोगी पडतं. नेहमीच्या, ठीकठाक अवस्थेपासून दूर जाणं म्हणजे गो, तिच्याकडे परत येणं म्हणजे कम. म्हणून माणूस वेडा, आंधळा, टकला व्हायला गो आणि इंजिन पुन्हा जिवंत व्हायला कम. याला अपवाद आहेत (कंपनी शेअर बाजारात उतरली तरी गो पब्लिकच म्हणतात), पण इंग्रजी शिकणाऱ्याला एवढं जरी कळलं तरी बऱ्याच चुका टळतात.

गेट हे नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या, भाषेतून आलेलं, मूळ अर्थ मिळवणे, आणि ‘होणे’ हा अर्थ बहुधा 16 व्या शतकाच्या अखेरचा. आज बोलण्यात सगळ्यात जास्त कानावर पडतं ते हेच, लग्न, थकवा, म्हातारपण, अंधार सगळ्याला चालतं. नामाला मात्र चालत नाही. ‘गेट टायर्ड’ म्हणजे थकणे, पण ‘गेट अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरला बोलावून आण, डॉक्टर होणे नव्हे.

रंग आणि गुण बदलायला ‘-न’ (en) हा प्रत्ययही आहे : रेडन (लाल होणे), ब्लॅकन (काळं होणे), सॉफन (मऊ होणे). पण हिरव्या-निळ्याला तो लागत नाही, कारण हा प्रत्यय ट, ड, क, फ अशा अडवून किंवा घासून येणाऱ्या व्यंजनानंतरच बसतो.

विज्ञानात लॅटिन शब्द चालतात, तिथेही निवड साधी नसते. 1901 मध्ये कॅनडातल्या माँट्रिअलला रदरफर्ड आणि सॉडी या शास्त्रज्ञांना थोरियममधून वेगळंच मूलद्रव्य तयार होताना दिसलं तेव्हा सॉडी यांनी ‘ट्रान्सम्युटेशन’ हा किमयागारांचा जुना शब्द वापरला, आणि लोक आपल्याला किमयागार समजतील म्हणून रदरफर्ड यांनी तो शब्द नको म्हटलं, अशी आठवण सॉडी यांनी पुढे सांगितली. दोघांच्या लेखनात मग ‘ट्रान्सफॉर्मेशन’ आलं.

भाषांतर करणाऱ्यांची खरी अडचण वाक्याच्या कर्त्यात आहे. इंग्रजीत दूध दह्यात वळतं, दूधच कर्ता राहतं आणि नवी वस्तू ‘इंटू’ च्या नंतर येते. मराठीत ‘दुधाचं दही झालं’, ‘पाण्याचा बर्फ झाला’, ‘लाकडाची राख झाली’ : क्रियापद नव्या वस्तूचं लिंग घेतं आणि जुनी वस्तू षष्ठीत जाऊन नुसती मालकी सांगत उभी राहते. म्हणूनच ‘लाकूड राखेमध्ये बदललं’ असं हल्ली सर्रास छापून येणारं वाक्य कानाला खटकतं, कारण त्यात शब्द मराठी आहेत पण कर्ता इंग्रजीतलाच राहिलेला आहे.