स्कूटर घेण्याआधी: लायसन कोणाचं, नाव कोणाचं, कागद कोणते

स्कूटर बुक करायला निघालेल्या घरात चर्चा असते ती रंगाची, मायलेजची आणि डिक्कीत हेल्मेट मावतं की नाही याची. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. गाडी चालवणार कोण आणि त्याच्याकडे कोणतं लायसन आहे, ही पहिली. गाडी नावावर कोणाच्या घ्यायची, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं पक्की असली की उरलेलं काम आठवड्याभरात होतं. ती कच्ची राहिली तर त्रास नंतर होतो, आणि बहुतेक वेळा अपघात झाल्यावरच होतो. म्हणून महाराष्ट्रात नवी किंवा जुनी छोटी स्कूटर घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

सोळा वर्षांचा गैरसमज

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतंच, "सोळा पूर्ण झाली ना, मग गिअर नसलेल्या गाडीचं लायसन मिळतं." मिळतं, हे खरं आहे. पण मोटार वाहन कायद्यात ही सवलत ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीपुरती आहे आणि तिलाही पालकांची संमती लागते. पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ साली आली ती ५० सीसीची होती, आणि त्या काळच्या मोपेडवर ही तरतूद अगदी लागू पडायची. आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटर मात्र १०० ते १२५ सीसीच्या असतात. त्यांना गिअर नसला तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी त्या चालवणं बेकायदाच आहे. त्यासाठी १८ पूर्ण व्हावीच लागतात.

यातला दंड पालकांनी नीट समजून घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने अशी गाडी चालवली तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन मिळत नाही. क्लासला जायची सोय म्हणून दिलेल्या किल्लीपायी मुलाची पुढची सात-आठ वर्षं अडकतात. मुलांच्या हट्टापुढे आईवडील किती हतबल होतात हे मी जवळून पाहिलं आहे. तरीही इथे ठाम राहायलाच हवं.

यावर दुकानदार हमखास एक तोडगा सुचवतो: बॅटरीची स्कूटर घ्या, तिला लायसनच लागत नाही. हे काही गाड्यांनाच लागू आहे. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, आणि मान्यताप्राप्त संस्थेने ते मॉडेल तपासून तसं प्रमाणपत्र दिलेलं असेल, तरच ती गाडी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी, लायसन, विमा यांची सक्ती नसते. अशी तपासणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय ही मोठी संस्था आहे. विक्रेत्याकडे त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. "वायर काढली की पंचेचाळीसने पळते" असं कोणी सांगितलं तर ती गाडी घेऊच नका. वेग वाढवला की ती सरळ विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते. याहून ताकदीच्या सगळ्या इलेक्ट्रिक स्कूटरना पेट्रोल गाडीसारखंच लायसन, विमा आणि नंबर प्लेट लागते.

लायसन: गाडीच्या आधी

आणखी एक चूक मोठ्या माणसांकडून होते. ज्यांच्याकडे फक्त चारचाकीचं लायसन आहे त्यांना वाटतं, कार चालते तर स्कूटरही चालेल. तसं नाही. दुचाकीचा वर्ग वेगळा आहे आणि तो लायसनवर असावाच लागतो. लायसन काढून त्यावरची अक्षरं एकदा वाचा. गिअर नसलेल्या दुचाकीचा वर्ग असेल तर स्कूटर चालवता येते, पण मुलाची गिअरची बाइक नाही. पुढेमागे बाइक चालवायची शक्यता असेल तर गिअरच्या वर्गाचाच अर्ज करावा. लायसन आहे पण दुचाकीचा वर्ग नाही, अशांनी नवं लायसन काढायचं नसतं. असलेल्यात वर्ग वाढवून घ्यायचा असतो.

अर्ज केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावरच्या सारथी विभागात होतो. आधी शिकाऊ लायसन. आधार मोबाइलला जोडलेलं असेल तर २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देता येते. रस्ता सुरक्षेची चित्रफीत बघायची आणि मग खुणा-नियमांच्या प्रश्नांना किमान ६० टक्के बरोबर उत्तरं द्यायची. ही परीक्षा दुसऱ्याला द्यायला लावू नका. त्या पाच-दहा मिनिटांत जे वाचलं जातं, तेवढंच अनेकांचं रस्त्याच्या नियमांचं शिक्षण असतं. आधारविना अर्ज करणाऱ्यांना आरटीओत जावं लागतं. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही आणि तब्येतीबद्दलचं स्वतःचं घोषणापत्र म्हणजे फॉर्म १, एवढं लागतं. चाळिशी पूर्ण झालेल्यांना डॉक्टरांकडून फॉर्म १-अ घ्यावा लागतो. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ लायसनची फी प्रत्येक वर्गाला १५० रुपये आणि परीक्षेची ५० रुपये आहे. पक्क्या लायसनला चाचणीचे ३०० आणि लायसनचे २००. स्मार्ट कार्ड आणि टपाल वेगळं. एजंट याहून जे घेतो ती त्याची मजुरी, सरकारी फी नव्हे.

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. बरेच जण ही तारीख विसरतात आणि सहा महिने उलटल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. शिकाऊ लायसनवर गाडीला पुढे-मागे लाल रंगातली ‘एल’ची पाटी हवी, आणि मागे बसणारी व्यक्ती पक्कं लायसन असलेली, शिकवणारीच हवी. मैत्रिणीला मागे घेऊन कॉलेजला जाणं या काळात चालत नाही.

आता अडचण अशी येते की चाचणीला गाडी लागते, आणि गाडी तर अजून घ्यायची आहे. त्यासाठी नातेवाइकाची स्कूटर नेता येते. फक्त तिची आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) चालू असावेत. नाहीतर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मिळते. बऱ्याच ठिकाणी आठचा आकडा काढायला लावतात आणि पाय टेकला तर पंचाईत होते. आठवडाभर मोकळ्या मैदानावर खडूने आठ आखून सराव केला तर तो सहज जमतो.

नावावर कोणाच्या?

गाडी नावावर करायला लायसन लागत नाही, म्हणून ती आजीच्या किंवा आईच्या नावावर घेतात आणि चालवतो नातू. कायद्याने याला हरकत नाही. पण मालकाचा वैयक्तिक अपघात विमा, जो १५ लाखांचा असतो, तो मालक स्वतः चालवत असताना आणि त्याच्याकडे चालू लायसन असतानाच कामाचा असतो. आजीकडे लायसन नाही आणि नातू मालक नाही, म्हणजे त्या संरक्षणाचा घरात कोणालाच उपयोग नाही. त्यातून चालवणाऱ्याकडे योग्य लायसन नसेल तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई नंतर मालकाकडून वसूल करू शकते. तो बोजा ज्या नावावर गाडी आहे त्या म्हाताऱ्या माणसावर येतो. शक्यतो जो रोज चालवणार त्याच्याच नावावर गाडी घ्यावी.

नोंदणी करतानाच आरसीवर नॉमिनीचं नाव टाकता येतं. २०२१ पासून ही सोय आहे, पण शोरूममध्ये आपणहून कोणी विचारत नाही. घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याची स्कूटर नावावर करून घेताना बायकामुलांची जी धावपळ होते ती यामुळे बरीच वाचते. नॉमिनीने मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला कळवायची आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरायचा.

शोरूममधले कागद आणि पैसे

नव्या स्कूटरच्या नोंदणीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २०, विक्रेताच ऑनलाइन करतो. त्यासोबत त्याचं विक्री प्रमाणपत्र फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२, बिल आणि विमा जातो. आपण द्यायचं ते आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, फोटो, मोबाइल नंबर, आणि कर्ज असेल तर पॅन व बँकेचे कागद. कर्जाचा बोजा आरसीवर चढतो. तो हप्ते संपले म्हणून आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ देऊन उतरवावा लागतो.

आरसीवरचं नाव आणि पत्ता आधारशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे सही करण्याआधी संगणकाच्या पडद्यावरच बघा. आमच्या घरच्या गाडीवर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करायला जेवढे हेलपाटे पडले तेवढे गाडी घ्यायलाही पडले नव्हते.

ऑन-रोड किंमत, म्हणजे कर-विम्यासकट पडणारी, एका आकड्यात ऐकू नका, फोड मागा. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, बॅटरीच्या गाड्यांवर ५ टक्के आहे. तो एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी आणि विम्याआधीच्या, किमतीत धरलेला असतो. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी मोटार वाहन कर, जो १०० ते १२५ सीसीच्या स्कूटरला खाजगी मालकासाठी ११ टक्के आहे. म्हणजे ८०,००० च्या गाडीला ८,८०० रुपये. नोंदणी फी ३००, स्मार्ट कार्ड २००. बॅटरीच्या दुचाकीला राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणाप्रमाणे हा कर माफ आहे. मग विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, एकदम घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला तो ३,८५१ रुपये आहे, अधिक १८ टक्के जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे आणि तो कोणत्याही कंपनीकडून घेता येतो. शोरूमचीच पॉलिसी घ्या, अशी सक्ती करता येत नाही. १५ लाखांचा अपघात विमा आधीच वेगळा काढलेला असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही.

कर आणि फीच्या सरकारी पावत्या निघतात. त्यांची बेरीज करून कोटेशनशी ताडून बघा. ‘हँडलिंग’, ‘आरटीओ खर्च’ अशा नावाने त्याबाहेर जी रक्कम उरते तिची लेखी पावती मागितली की अनेकदा ती कमी होते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ती कंपनीकडूनच येते. आणि बीआयएस मानकाचं हेल्मेट गाडीसोबत द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ सांगतो. ते नक्की मागा. अॅक्सेसरीजच्या यादीत त्याचे वेगळे पैसे लावलेले दिसले तर हा नियम दाखवा.

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घरी आणायची असेल तर कागद आठ-दहा दिवस आधी द्या. नंबर प्लेट बसल्याशिवाय नव्या गाडीची डिलिव्हरी देऊ नये, असं कायदाच सांगतो. मुहूर्त टळेल म्हणून विनानंबर गाडी नेऊ देणारा विक्रेता उपकार करत नसतो. त्या दोन दिवसांत काही झालं तर निस्तरायचं आपल्यालाच.

जुनी घेत असाल तर

जुन्या स्कूटरला पैसे कमी लागतात, पण सावधपणा दुप्पट लागतो. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालकाचं नाव, विम्याची मुदत, बोजा आणि बाकी ई-चलन बघा. चेसिस नंबर गाडीवर आणि आरसीवर स्वतः वाचून जुळवा. गाडी नावावर करण्यासाठी विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि दोघांनी मिळून फॉर्म ३० भरायचा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवणं बंधनकारक आहे. परराज्यातून गाडी आली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हवी. गोव्याहून किंवा बेळगावहून स्वस्तात आणलेली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. तो कर किमतीत धरला की स्वस्ताई बरीच आटते.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नंतर नावावर करू" असा व्यवहार विकणाऱ्याने तर मुळीच करू नये. नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मधल्या काळात गाडी तीन हात फिरली असली तरीही.

पीयूसी नव्या गाडीला पहिल्या वर्षी लागत नाही, पुढे दरवर्षी काढायची. आरसी, विमा, लायसन डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवलं तर ते मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. आणि चार वर्षांखालचं मूल बसवणार असाल तर २०२३ पासून त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, वेग ताशी ४० च्या वर नेता येत नाही. हा पट्टा गाडीसोबत मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो. तेव्हा बजेटमध्ये त्याचे पैसे आधीच धरून ठेवा.