दोन्ही ‘ॲक्रिलिक’च, पण डब्यावर मारण्याआधी बाटलीची-कॅनची पाठ वाचा

मॉडेल रेल्वेचं इंजिन किंवा डबा हव्या त्या रंगात करून घ्यायचा म्हटलं की जळगाव-धुळ्यात दोन वाटा दिसतात. एक, मॉडेलसाठीच्या रंगाची छोटी बाटली ऑनलाइन मागवायची. दुसरी, हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचा कॅन आणायचा. दोन्हींवर ‘ॲक्रिलिक’ छापलेलं असतं आणि बहुतेक मॉडेलं तिथेच बिघडतात.

ॲक्रिलिक ही फक्त रंगातली राळ, म्हणजे रंग धरून ठेवणारा घटक. ती कशात मिसळलीय, हे महत्त्वाचं. व्हॅलेहोसारख्या मॉडेल-रंगाच्या कंपनीच्या बाटलीत ती पाण्यात असते. स्प्रेच्या कॅनमध्ये बहुधा ॲसिटोन, टोल्युइन किंवा झायलीन असतं, म्हणजे तो ॲक्रिलिक लॅकर. एचओ मापाच्या (1:87) गाड्यांची बॉडी बहुतेक वेळा एबीएस किंवा पॉलिस्टायरिनची असते आणि ही द्रावणं नेमकी त्याच प्लास्टिकला विरघळवतात. ओळखायला पाठीमागचा मजकूर पुरे: ‘ब्रश पाण्याने धुवा’ असेल तर पाण्याचा, ‘ज्वलनशील’ आणि ‘थिनर वापरा’ असेल तर लॅकर. टामिया या मॉडेल कंपनीच्या एक्स मालिकेचा रंग यांच्या मधला आहे: अल्कोहोलवर आधारलेला, एक्स-20ए थिनरने पातळ होणारा, प्लास्टिकला सहसा न दुखवणारा. एअरब्रशसाठी (दाबाच्या हवेने रंग फवारणारी छोटी बंदूक) नवख्याने यापासूनच सुरुवात करावी.

लॅकर प्लास्टिकला किंचित चावतो, म्हणूनच तो घट्ट बसतो. पाण्याचा रंग नुसता वर बसतो, म्हणून प्लास्टिक वाचतं, पण टेप ओढली की पापुद्रा निघून येतो. त्यामुळे पाण्याच्या रंगाआधी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवायची, वाळवायची, मॉडेलचा प्रायमर मारायचा आणि मास्किंगआधी (टेप लावून भाग झाकण्याआधी) किमान 24 तास थांबायचं. लॅकरचा पहिला हात 20-25 सेंमीवरून, नुसत्या तुषारांसारखा. एका जागी कॅन थांबला की द्रावण उडून जायला वेळ मिळत नाही आणि रिवेटच्या कडा मऊ पडून लोळतात. त्याआधी बॉडीच्या आतल्या बाजूला कॅनमधल्या रंगाचा एक थेंब टाकून दोन मिनिटांनी बोट लावा. चिकट लागलं तर तो कॅन त्या बॉडीवर नको.

जाडी ही दुसरी गोष्ट. मॉडेलवर 0.1 मिमी थर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळपास 9 मिमी. भुसावळच्या यार्डात उभ्या मालगाडी इंजिनाच्या जाळ्या मॉडेलवर अर्ध्या मिमीच्या पट्ट्या असतात. कॅनचे तीन ओले हात त्या बुजवून टाकतात. एअरब्रशने (0.3 मिमी नोझल, 15-20 पीएसआय हवेचा दाब, 8-10 सेंमी अंतर) तीन-चार पातळ हात देणं कधीही बरं. सुमारे 24 सेंमीच्या डब्याला एका हाताला पातळ केलेला 2-3 मिली रंग पुरतो.

आता आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि हवा कोरडी, त्यामुळे पाण्याचा रंग डब्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो. पृष्ठभाग खरखरीत होतो, एअरब्रशच्या सुईच्या टोकावर गाठ धरते. रंगात रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घाला आणि काम सकाळी सहा ते आठमध्ये उरका. कूलर बंद ठेवा. तो ओलावा आणि धूळ दोन्ही आणतो. लॅकरला पावसाळा वाईट: द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर जमतो आणि चकाकी जाऊन पांढुरकं पटल येतं. मंद वाळणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारला की बहुधा ते निघतं. कॅन गच्चीवर किंवा बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही, फुटतो. लॅकर मारताना सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. साध्या धुळीच्या मास्कने वाफ अडत नाही. जवळ गॅसची शेगडीही नको.

जुना निळा डबा करायचा असेल तर आधी खिडक्यांच्या रांगेत फिकट निळा, मग त्यावर टेप, मग गडद निळा. टेप आधी काचेवर चिकटवून तिची पकड कमी करा. तिच्या कडेवर फिकट निळ्याचाच पातळ हात मारला की गडद रंग आत झिरपत नाही. टेप सपाट मागे वळवून सावकाश ओढायची. अक्षरांचे डिकल (छापलेली पातळ फिल्म) नेहमी चकचकीत क्लिअरवर, म्हणजे रंगहीन थरावर, लावा. मॅट पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसते.

दोन्ही रंग एकाच डब्यावर येणार असतील तर लॅकर खाली, पाण्याचा वर. उलट केलं तर वरचं तीव्र द्रावण खालच्या थराला फुगवतं आणि सुरकुत्या पडतात. कॅनमधला क्लिअर डिकलवर मारायचा झाल्यास तुषारांसारखाच.

गॅरेजमधल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या दादांचा हात सफाईदार असतो, पण त्यांच्याकडे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा तीव्र थिनर आणि पत्र्यासाठीचा जाड प्रायमर असतो. त्यांना काम द्यायचं असेल तर रंग, प्रायमर आणि थिनर तुमचे द्या, एअरब्रशही द्या आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) लावू नका, हे आधी सांगा. खिडक्यांच्या काचा, चाकं आणि मोटर घरीच काढून फक्त रिकामी बॉडी हातात द्या.

बिघडलेला पाण्याचा रंग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास भिजवून मऊ टूथब्रशने निघतो. आधी आतल्या कोपऱ्यावर तपासून घ्या. लॅकर त्याने निघेलच असं नाही, आणि प्लास्टिक वितळलेलं असेल तर 1500 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासण्यापलीकडे इलाज नाही. त्या घासण्यात रिवेट जातात.