वाजवी सोय (कामाच्या ठिकाणी)

वाजवी सोय म्हणजे अपंग माणसाला नोकरीत इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून त्या एका माणसापुरता केलेला बदल. ऑफिसात बहुतेक जण याला रीझनेबल अकोमोडेशन किंवा नुसतं अकोमोडेशन म्हणतात, ब्रिटनमध्ये रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. बदल वस्तूत असू शकतो, वेळेत असू शकतो किंवा काम करायच्या पद्धतीत. अंध कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून देणं, मीटिंगला कर्णबधिर सहकारी असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलावणं किंवा लाइव्ह कॅप्शन (बोललेलं लगेच पडद्यावर लिहून येणं) लावणं, संधिवातामुळे सकाळी अंग आखडलेलं असतं त्याला उशिरा यायची मुभा देणं, ऑटिस्टिक व्यक्तीला सूचना तोंडी न देता लिहून देणं, डायलिसिसच्या दिवशी शिफ्ट बदलणं, हे सगळं यातच येतं.

अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि वाजवी सोय यांची लोक कायम गल्लत करतात. अ‍ॅक्सेसिबिलिटी आधीच करून ठेवायची असते, कोण येणार हे माहीत नसताना, सगळ्यांसाठी: रॅम्प, लिफ्टमधली ब्रेल बटणं, वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी म्हणून 1999 पासून असलेले डब्ल्यूसीएजी नियम. सोय एका माणसाला हवी असते आणि त्याला लागेल तेव्हापासून ती द्यावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनं 2014 मध्ये हा फरक नीट मांडलाय. व्यवहारात दोन्ही एकमेकांत अडकलेल्या असतात, कारण पहिली जेवढी कच्ची तेवढं दुसरीवर ओझं जास्त. एचआरचं पोर्टलच स्क्रीन रीडरला वाचता येत नसेल तर सोय मागायचा फॉर्म भरायलाच आधी सोय मागावी लागते, आणि हे गमतीनं म्हणत नाहीये, असं होतं.

इतिहास

ही कल्पना आधी अपंगत्वासाठी नव्हतीच. अमेरिकेत 1972 मध्ये नागरी हक्क कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कर्मचाऱ्याच्या धर्मपालनासाठी, म्हणजे उदाहरणार्थ साप्ताहिक धार्मिक सुट्टीसाठी, मालकानं जुळवून घ्यावं असं त्यात आलं. पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्ट झाला आणि त्याच्या कलम 504 नं सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला बंदी केली, पण ते राबवायचे नियम काही केल्या निघेनात. शेवटी एप्रिल 1977 मध्ये ज्युडी ह्यूमन, किटी कोन वगैरे कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ठिय्या मारला, तो तीन आठवड्यांहून जास्त चालला. आतल्या लोकांचे फोन तोडले तर कर्णबधिर आंदोलक खिडकीतून सांकेतिक भाषेत बाहेर निरोप द्यायचे, आणि जेवण ब्लॅक पँथर पार्टी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची माणसं आणून द्यायची. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली, आणि कर्मचाऱ्यांसाठी वाजवी सोय त्या नियमांत होती.

तिथून 1990 चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट, ब्रिटनचा 1995 चा कायदा, युरोपियन युनियनचा 2000 चा निर्देश असा प्रवास झाला. 13 डिसेंबर 2006 ला संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मंजूर झाला, त्याच्या कलम 2 मध्ये वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव धरलाय. हे फार महत्त्वाचं आहे. सोय दिली तर उपकार आणि नाही दिली तर काही बिघडत नाही, हा हिशोब तिथे संपतो. भारतात 2016 च्या कायद्यात ही तरतूद आली, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, ते पद जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, हेही त्यात आहे.

वाजवी कुठपर्यंत

मालकावर अवाजवी भार पडत असेल तर तो नकार देऊ शकतो, पण भार आहे हे दाखवायची जबाबदारी त्याची. संस्थेचा आकार, पैसा, मिळणारं अनुदान हे सगळं बघतात, त्यामुळे चार माणसांच्या दुकानाला जे झेपणार नाही ते मोठ्या बँकेला झेपत नाही असं म्हणता येत नाही. कामाचा गाभा मात्र बदलावा लागत नाही. ड्रायव्हरच्या नोकरीत गाडी चालवणं हा गाभा, पण ऑफिसातल्या नोकरीच्या जाहिरातीत ड्रायव्हिंग लायसन्स हवं असं सवयीनं टाकलेलं असतं तो गाभा नाही, आणि अशा फालतू अटी नीट तपासल्या तर बऱ्याच गळून पडतील.

खर्चाची भीती सगळ्यात जास्त घातली जाते. अमेरिकेतलं जॉब अकोमोडेशन नेटवर्क 1983 पासून मालकांना आणि कर्मचाऱ्यांना सल्ला देतं, त्यांच्या पाहण्यांत जवळपास निम्म्या सोयींना काहीच खर्च आलेला नाही. कसा येणार, वेळ बदलणं, टेबल दुसरीकडे सरकवणं, इंटरव्ह्यूचे प्रश्न आधी पाठवणं याला पैसे कुठे लागतात? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तर फुकटच मिळतो.

मागायची कशी

बहुतेक ठिकाणी सोय कर्मचाऱ्यानंच मागायची असते, आणि इथेच सेल्फ-अ‍ॅडव्होकसी, म्हणजे आपली बाजू आपणच मांडणं, कामाला येते. ही चळवळ बौद्धिक अपंगत्व असलेल्यांनी उभी केली, 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये त्यांचे क्लब निघाले आणि 1974 मध्ये अमेरिकेत ओरेगनला पीपल फर्स्ट ही त्यांची संघटना सुरू झाली. ज्यांच्या वतीनं कायम आईवडील, डॉक्टर नाहीतर संस्थाच बोलायच्या ते लोक स्वतः माइक घेऊन बोलायला लागले.

नोकरीत मागताना आजाराच्या नावापासून सुरुवात करायची गरज नसते. कोणतं काम, त्यात नेमकं काय अडतं आणि काय केलं तर अडणार नाही, एवढं सांगितलं की साहेबाला काहीतरी हातात येतं. "मला ऐकू कमी येतं" असं म्हटलं तर समोरचा फक्त मोठ्यानं बोलायला लागतो, पण "ग्रुप कॉलमध्ये कोण बोलतंय ते कळत नाही, कॅप्शन चालू ठेवा आणि एकेकानं बोला" असं म्हटलं की काम होतं. तोंडी बोलणं झालं तरी नंतर मेल टाकून ठेवावा. मालक गरजेपुरता वैद्यकीय कागद मागू शकतो, अख्खी फाइल नाही, आणि ती माहिती टीममध्ये वाटत फिरायचा त्याला हक्क नाही.

न दिसणाऱ्या अपंगत्वात हे सगळं जास्त अवघड जातं. एपिलेप्सी, बायपोलर, डिस्लेक्सिया, सततचं दुखणं, यात आधी "तसं वाटत तर नाही" हे ऐकून घ्यावं लागतं. सांगितलं तर प्रमोशनला नाव मागे पडेल ही भीती असते आणि नाही सांगितलं तर सोय मिळत नाही, म्हणून बरेच लोक गप्प राहून दुप्पट राबतात. सगळा भार मागणाऱ्यावर टाकणारी कंपनी माझ्या मते अर्धीच जबाबदारी पार पाडते. ऑफर लेटरसोबतच सगळ्यांना, अपंग असो नसो, काम करायला काही लागेल का असं विचारलं तर निम्मा संकोच तिथेच जातो.

अजून एक नेहमीची अडचण म्हणजे मॅनेजर बदलला की सोय गायब होते, कारण ती त्याच्या डोक्यात होती. ब्रिटनमध्ये कामगार संघटनांनी यावर अ‍ॅडजस्टमेंट पासपोर्ट काढलाय, ठरलेल्या सोयी एका कागदावर लिहून दोघांनी सही करायची, मधूनमधून बघून गरज बदलली असेल तर दुरुस्त करायची, आणि टीम किंवा साहेब बदलला की तोच कागद पुढे द्यायचा, म्हणजे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही.