ढोलीतील परजीवी

झाडाची ढोली, भिंतीतले भगदाड किंवा कौलांखालची पोकळी यांत घरटे करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्तावर जगणारे, पण घरट्यातच वस्ती करणारे जीव. यांत पिसवा, गोचीड, बारीक कोळी (जाळे विणणारे नव्हेत, माइट) आणि काही माश्यांच्या अळ्या येतात. पिसांतल्या उवा जन्मभर पक्ष्याच्या अंगावर असतात. यांचे तसे नाही. यांचे घर ढोली, आणि पक्षी फक्त पोट भरण्यापुरता. पिल्ले उडून गेली तरी हे मागे राहतात, पुढच्या बिऱ्हाडाची वाट बघत.

कोल्हापूर परिसरात ही बिऱ्हाडे सतत बदलतात. तांबट शेवगा, पांगारा अशा मऊ लाकडाच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगाने भोक पाडतो. तो गेला की दयाळ किंवा चिमणी ती जागा धरते. मोठ्या ढोलीसाठी पोपट, साळुंकी आणि पिंगळा यांच्यात चढाओढ असते. जुनी झाडे आणि जुने वाडे पडत चालल्याने एकेका पोकळीवर गर्दी होते, आणि ही गर्दी परजीवींच्या पथ्यावर पडते. उघड्यावर वाटीसारखे घरटे विणणारा बुलबुल दर खेपेला नवे बांधतो; ढोलीवाल्यांना मात्र जुनी गादी मिळते.

कोंबड्यांच्या खुराड्यात सापडणारा लाल कोळी यांतला नमुनेदार. पिकावरचा लाल कोळी तो हा नव्हे. हा मुळात करडा, रक्त प्याला की लाल दिसतो. दिवसा फटीत दडतो, रात्री पिल्लांवर चढतो. हवा मानवली तर साधारण आठवड्याभरात अंड्यापासून प्रौढ होतो, आणि उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. कोंबड्यांचे गोचीडही असेच रात्रपाळीचे. पिसवांच्या अळ्या घरट्यातल्या कचऱ्यावर वाढतात. कोशातली प्रौढ पिसू हालचाल वा ऊब जाणवली की बाहेर पडते. आशिया व आफ्रिकेत आढळणाऱ्या पॅसेरोमाया या माशीच्या अळ्या पिल्लांचे रक्त पितात आणि घरट्यातच कोशात जातात.

चारा भरपूर असेल तर आईबाप जास्त खेपा घालून रक्ताची तूट भरून काढतात. टंचाईत पिल्ले अशक्त राहतात, कधी दगावतात.

पक्षीही स्वस्थ बसत नाहीत. कोलकात्यातल्या चिमण्या घरट्यात कडुनिंबाचा पाला आणतात, अशी नोंद १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. कणगीत जोंधळ्याबरोबर कडुनिंबाचा पाला घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मेक्सिको शहरातल्या चिमण्या तर सिगारेटची थोटके वापरतात, आणि थोटकांतले तंतू जास्त तिथे परजीवी कमी, असे तिथल्या अभ्यासात दिसले. दाजीपूरच्या जंगलातली धनेशाची मादी स्वतःला ढोलीत चिणून घेते, पण विष्ठा फटीतून बाहेर टाकते. हुदहुदाच्या मादीचा उग्र दर्प तिच्या शेपटीजवळच्या ग्रंथीतून येतो. त्यातल्या जिवाणूंमुळे अपायकारक जंतूंना आळा बसतो.

कौलांखालचे साळुंकीचे घरटे रिकामे झाले की उपाशी कोळी घरात उतरतात आणि माणसाला चावतात. अंगाला खाज सुटते, पण माणसावर त्यांची वस्ती टिकत नाही. अशा वेळी फवारणीची घाई होते. खरे तर पिल्ले उडाल्यावर घरटे काढून फटी बुजवणे पुरते. चिमण्यांसाठी टांगलेल्या लाकडी पेटीचे झाकण उघडणारे असावे, म्हणजे वीण संपल्यावर आतले गवत काढून पेटी उन्हात वाळवता येते.