गुलाबाची वासंतिक निगा, इंदूर

हिवाळी बहर ओसरू लागल्यापासून चैत्राचे ऊन चढेपर्यंत गुलाबाला द्यायचे खतपाणी आणि करायची हलकी छाटणी. थंड देशांत वसंत म्हणजे गुलाबाच्या वर्षाचा आरंभ. तिथे मोठी छाटणी तेव्हाच होते. माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या इंदुरात ती पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात उरकते. फेब्रुवारी-मार्चचा बहर हा इथला शेवटचा चांगला बहर. परदेशी पुस्तकाबरहुकूम मार्चात कात्री चालवली, तर कोवळे फुटवे थेट चाळिशीच्या उन्हात सापडतात.

म्हणून या दिवसांत सुकलेले फूल पाच पर्णिकांच्या पानावर कापावे आणि कलमाच्या सांध्याखालचा रानफुटवा (रानटी खुंटाला फुटलेली फांदी) मुळापासून काढावा, एवढेच. जाड फांदी कापावीच लागली, तर फांदीमर (फांदी टोकाकडून वाळत जाणे) टाळण्यासाठी टोकाला बोर्डो मलम लावतात (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी).

खरी अडचण मातीची. काळी माती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते. तिचा सामू (आम्ल-अल्कतेचा आकडा, पीएच) बहुधा ७.५च्या पुढे, गुलाबाला मानवतो ६ ते ७. त्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही; कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा झाडाला हमखास युरिया घातला जातो, आणि तो वाया जातो. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज शोषता येणाऱ्या रूपातल्या लोहाची) फवारणी आणि भरपूर कंपोस्ट, हा उपाय.

कंपोस्टाची तर ही जन्मभूमीच म्हणावी. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१च्या पुस्तकात यशवंत वाड त्यांचे सहलेखक होते. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ढीग तीनदा उलथायचा; तीनेक महिन्यांत खत तयार. आज गुलाबाच्या आळ्यात विकतची पाकिटे रिकामी करणाऱ्या इंदूरकरांना हे ठाऊक असतेच असे नाही.

कोणते रोप कुठे तगेल हे सांगणारे हवामान-पट्टेही आता हलत आहेत. अमेरिकी पट्टे हिवाळ्यातल्या नीचतम तापमानावर आखलेले. २०२३च्या नकाशात जवळपास निम्मी अमेरिका अर्ध्या पट्ट्याने उष्णतेकडे सरकली. इंदुरात मात्र गुलाबाला थंडी मारत नाही, ऊन मारते. तेव्हा रोपाच्या चिठ्ठीवरचा पट्टा इथे फारसा कामाचा नाही. ऊनही वाढतेच आहे: भारतात २०२३चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. अशा वर्षी पेंडीचे आंबवलेले पाणी दसपट पातळ करून जानेवारीअखेरच द्यावे. मार्चात जोरखत नको. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पाणी सकाळी द्यावे.

फेब्रुवारीच्या गार रात्रींत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, ऊन तापले की फुलकिडे पाकळ्यांच्या कडा करपवतात. मग लाल कोळी, ही रस शोषणारी बारीक कीड. ती पानाच्या मागल्या बाजूला असते. पाण्याची जोरदार धार तिथेच मारावी.